कान्हूचं इंग्रजी गाणं

कान्हूचे वडील एका शेटजींच्या बंगल्यावर माळी होते. बंगला बहुतेक वर्ष बंदच असायचा, म्हणून आमचा बँड तिथल्या व्हरांड्यात जमला. मकसूदची गिटार, शिदूची ढोलकी, माझी पेटी आणि गायला कान्हू. शेटजींच्या चावीच्या ग्रामोफोनपाशी एकच इंग्रजी तबकडी होती. गाणारा इतका संथ, इतक्या खोल आवाजात गायचा की एक शब्द न कळता आम्ही माना खाली घालून ऐकायचो.

"ह्याचं कुनीतरी गेलंय," कान्हू म्हणाला.

आम्ही ते गाणं तसंच बसवलं. चौसष्टच्या गॅदरिंगला गाणं संपलं, तेव्हा एकही टाळी पडली नाही. हेडमास्तर डोळे पुसत उभे राहिले, म्हणून सगळी शाळा उभी राहिली.

मॅट्रिकनंतर कान्हू कारखान्यात गेला, शिदू रेल्वेत, आणि बँड मोडला. बऱ्याच वर्षांनी मी आणि मकसूद लोणावळा स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पीत होतो, तर रेडिओवर तेच गाणं लागलं. भरधाव, खिदळणारं. पोरं टेबलावर ठेका धरत होती. ग्रामोफोनची स्प्रिंगच ढिली होती, तबकडी हळू फिरायची, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मकसूदनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "ह्याला एवढी कसली घाई आहे रे?"