टपाचा रंग

अमृतरावांनी शोरूमच्या दारातच गाडीच्या टपावर नख ओढलं. गर्द निळ्या रंगाची खपली सुटून हातात आली. ती त्यांनी तशीच नेऊन मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

"हे पाहा. गुढीपाडव्याले गाडी नेली तुमच्याकडून. अजून उन्हाळा सरला नाही, अन् टपाले नायटा झाल्यावानी झालं."

मॅनेजर चंदन तिशीतला, बोलायला गोड. त्याने खपली उलटसुलट करून पाहिली. "काका, बाकी गाडीले एक डाग नाही. रंगच खराब असता तं दारंबी सोलले असते. वरून काहीतरी पडलं असंन. इचोड्याले खता-औषधाचं दुकान हाय ना तुमचं?"

अमृतरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नव्या गाडीत खताची गोणी तर सोडाच, भाजीची पिशवीसुद्धा त्यांनी कुणाला ठेवू दिली नव्हती.

"दुकानात मी स्कूटरनं जातो. गाडी निघते ते लग्नाकार्याले. एरवी घरच्या अंगनात उभी."

"माकडं फार झालीत तिकडं. त्याहीनं काही केलं असंन."

"माकडं गच्चीवर. अंगनात कुत्रा हाय, तिथं पाय नाही ठेवत. अन् धूळ बसू नाही म्हून आमची मंडळी टपावर लुगडं टाकून ठेवते. लेकराले झाकावं तशी झाकते. अजून काय करू? देव्हाऱ्यात ठेवू गाडी?"

हे खरंच होतं. संध्याकाळी दुकानातून परतलं की टपावर पत्नी राहीबाईंचं जुनं लुगडं पसरलेलं दिसायचं. आपल्या गाडीची आपल्याइतकीच काळजी घेणारं घरात कुणीतरी आहे, या विचाराने अमृतरावांना बरं वाटायचं. आणि हा पोरगा त्यांनाच दोष देत होता. लाखो रुपये मोजून घेतलेली वस्तू, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

ग्राहक मंचाचं नाव काढल्यावर चंदनचा गोडवा कामाला लागला. टप वॉरंटीतून रंगवून द्यायचं ठरलं. रंगारी अनुप वांकिडीकडचा, नुकता कामावर लागलेला. त्याने टप पत्र्यापर्यंत घासला, नव्याने रंगवला आणि गाडी आरशासारखी करून दिली. अमृतराव मनाने कोते नव्हते. राहीबाईंच्या हातच्या सांडग्या मिरच्यांचा डबा त्यांनी चंदनला नेऊन दिला. ताकमिठात मुरवलेल्या त्या मिरच्या अख्ख्या गणगोतात नावाजलेल्या. उन्हाळाभर राहीबाईंना तेवढाच उद्योग.

पण वैशाख संपायच्या आत टप पुन्हा फुगला. पहिल्याहून वाईट.

या वेळी अमृतरावांनी आवाज चढवला तो शोरूमच्या रस्त्यापर्यंत गेला. दोन गिऱ्हाइकं चहा अर्धा टाकून ऐकत उभी राहिली. चंदनने अनुपला बोलावलं.

"मी मनापासून केलं, काका," अनुप म्हणाला. "काई कसर नाही ठेवली."

"मंग हे काय हाय? फोड कोनाले आले, मले?"

चंदन अनुपकडे न पाहताच म्हणाला, "उद्या मी सोता इचोड्याले येतो. जागेत दोष निघाला तं काका, वॉरंटी नाही. नाही निघाला तं हा घरी."

दुसऱ्या दिवशी तो अनुपला घेऊन आला. गाडी अंगणात मोकळी उभी होती. पाहुणे येणार म्हणून राहीबाईंनी सकाळीच लुगडं काढून धुऊन वाळत घातलं होतं. चंदनने वर पाहिलं. ना झाड, ना तार. गोणी नाही, फवाऱ्याचा पंप नाही. कुत्रा मात्र दोरी ताणून भुंकत होता.

"पाहून घ्या," अमृतराव म्हणाले. "कोपरा न् कोपरा पाहा. चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राह्यले होते तुमी मले."

चंदनने हात जोडले. "माफ करा, काका. तुमची चूक नाही. टप पुन्हा करून देतो, कंपनीच्या खर्चानं. अनुप, उद्यापासून येऊ नको तू."

"साहेब, मायबापाले काय सांगू मी?" अनुप म्हणाला. "आताच तं लागलो."

मायबापाचं नाव ऐकून अमृतराव त्याच्याकडे वळले. पण इतक्या दिवसांचा राग आत उकळत होता, आणि न्याय शेवटी आपल्या बाजूने लागला होता.

"हात नीट चालवला असता तं ही येळ आली नसती," ते म्हणाले, आणि विषय संपला.

जेवल्याशिवाय राहीबाई कुणाला उंबरा ओलांडू देत नसत. तिघांची पानं मांडली. अनुप ताटावर नुसता बसून होता. चंदनने वरणभातासोबत मिरची मोडली, तशी ती कुरकुरीत वाजली.

"काकू, माह्या आईच्या मिरच्या अशा होतच नाही. ओल राहते, मंग काळ्या पडतात. तुमी कशा वाळवता?"

राहीबाईंचा चेहरा उजळला. अजून दोन मिरच्या त्यांनी त्याच्या पानात टाकल्या.

"गच्चीवर माकडं काई ठेवतात काय, बापा? म्हून हे दुकानात गेले का मी गाडीच्या टपावर लुगडं अंथरतो न् ताकमिठातल्या ओल्याच मिरच्या त्याच्यावर पसरवतो. खाली कुत्रा राखनीले, हे यायच्या आत उचलून घेतो. टप असा तापते, दोन उन्हात कडक. आता नवा होऊन आला का तुमच्या आईसाठी बी घालीन."