काजळीचा फिल्टर

दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्यांना सुटे भाग पोचवणाऱ्या हरीश आणि देवयानी या नवराबायकोचा नवा ट्रक डिझेल फार पीत होता. हरीशने मेकॅनिकला बोलावलं. “फिल्टर निकाल देते हैं, ॲव्हरेज बढेगा,” तो म्हणाला. सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर कापायला त्याने कटर पेटवला, तशी देवयानी आडवी आली. “सगळेच काढतात, यार!” हरीश वैतागला. “म्हणूनच सगळ्यांचा धूर आपण गिळतोय.” हेवी लायसन्स तिच्याकडेही होतं. हरीशला शेजारी बसवून तिने ट्रक मोकळ्या एक्सप्रेसवेवर एकाच वेगात पळवला. सायलेन्सर चांगला तापला, ट्रॅफिकमध्ये रांगताना फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळून गेली आणि डॅशबोर्डवरचा फिल्टर तुंबल्याचा दिवा विझला. ॲव्हरेज वाढलं, पण थोडंच. “बिनफिल्टरच्या जुन्या ट्रकइतकं नाहीच मिळणार,” हरीश म्हणाला. “नाही मिळालं तर नाही. फिल्टर राहील.” परतल्यावर हरीश मेकॅनिकला “रहने दो” म्हणाला आणि स्टेअरिंगवर बसला. “वेग कितीवर ठेवायचा?”