द्रौपदाचं कडवं

चांगदेव गाणी रचायचा आणि बायको द्रौपदाबरोबर गायचा. नव्वदच्या दशकात त्या दोघांच्या हळदीच्या गाण्याची कॅसेट जुन्नर-आंबेगावातल्या मांडवामांडवात वाजायची. मग द्रौपदा गेली आणि त्यानं गाणं सोडलं. मंचरला साउंड सर्व्हिस काढली, धंदा वाढवला, टेम्पो घेतले. लोकांच्या लग्नात सगळी गाणी वाजवली, पण ती कॅसेट कधी लावली नाही. कुणी मागितलीच तर म्हणायचा, "तुटली."

दोन हजार चार साली आणे गावातल्या लग्नाची सुपारी आली. ते द्रौपदाचं माहेर. माणसं कमी पडली म्हणून त्याला स्वतःलाच जावं लागलं. हळदीला बायकांनी तेच गाणं मागितलं.

"तुटली," तो म्हणाला.

"मग आमीच म्हनतो, दाजी," नवरीची आई साळुबाई म्हणाली.

सगळ्या गाऊ लागल्या. शब्द त्याचेच होते. पण गाणं संपलं असं वाटलं तिथं त्यांनी आणखी एक कडवं धरलं:

"माज्या धन्याच्या गळ्याला कुलूप न्हाई लावायाचं,
मी न्हाई म्हनून त्यानं मुकं न्हाई ऱ्हायाचं..."

"हे माझं न्हाई," चांगदेव म्हणाला.

"तिचं हाय. शेवटच्या दुखण्यात हितं व्हती, तवा आमाला शिकवलं. पुढची ओळ मातर सांगितली न्हाई. म्हनली, ती त्यांनी म्हनायची."

बायका त्याच्याकडं बघत थांबल्या. त्यानं माइक तोंडापाशी नेला. कर्ण्यांतून गावभर नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला.