वाट न बघता

गळ्याच्या ऑपरेशननंतर ताई पहिल्यांदाच स्टुडिओत आली होती. बॅण्डची गायिका ती; पण आता आवाज म्हणून नुसती कुजबूज उरली होती. मधल्या काळात बाकीच्या तिघांनी एकही शब्द नसलेला, निव्वळ वाद्यांचा अल्बम केला होता. आज तो तिला ऐकवायचा होता.

"तुझ्यावाचून अडलं नाही, असं मनात आणू नकोस हं," गिटार वाजवणारा तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

"लाव आधी."

रेकॉर्डिस्टने बटण दाबलं. चेलोने एक सूर धरला आणि अर्ध्यातच सोडून दिला. गिटारने तो उशिरा, काहीतरी आठवल्यासारखा उचलला. ड्रमवर ब्रश नुसता फिरत होता. सगळं जणू गप्पा मारता मारता आत्ताच सुचलेलं. पण ताई या मंडळींना पुरती ओळखून होती. इतकं सहज वाटावं म्हणून एकेका जागेवर त्यांनी किती घासलं असेल, ते तिला कळत होतं. एकदा तर "अगं बाई!" म्हणत तिने चेलो वाजवणाऱ्या भावजयीच्या पाठीत धपाटाच घातला.

सहाव्या तुकड्याला मात्र तिने हात वर केला. रेकॉर्डिस्टने आवाज बंद केला.

"इथे माझी वाट बघताय तुम्ही."

ती गायला सुरुवात करायची तेव्हा तिघं जसे बाजूला सरायचे, तसेच इथेही सरले होते. ठरवून नाही, हातांची सवय.

"बाकी इतकं देखणं झालंय," ती थांबत थांबत म्हणाली, "आणि इथेच दार उघडं टाकून बसलात. मी येणार नाहीये रे."

"असू दे ना ताई. तेवढं तरी तुझं."

"माझं म्हणून लंगडं ठेवणार?"

ड्रमवाल्या ढोल्याला हसू फुटलं. "चला, हुकूम झालाय," म्हणत तो उठला.

तिघं काचेपलीकडे जाऊन बसले. तुकडा पुन्हा सुरू झाला. ती जागा आली आणि या वेळी चेलो बाजूला सरला नाही. सरळ आत घुसला. गिटार त्याच्यावर आदळली, भांडली, मग त्याच्याच मागे धावली. ढोल्याने ब्रश टाकून काड्या उचलल्या. शेवटचा सूर विरला, तरी काचेकडे बघायची कुणाची छाती होईना.

रेकॉर्डिस्टने ताईपुढे माइक सरकवला. तिची कुजबूज हेडफोनमधून थेट तिघांच्या कानात उतरली.

"परत वाजवा."

"कुठे चुकलं?" भावाने विचारलं.

"कुठेच नाही रे. मला ऐकायचंय."