दुसरी चादर

"माणसं तीन आणि बाह्या सत्तेचाळीस," आई कपाटात डोकं खुपसून पुटपुटली. "सत्तेचाळीस! बाह्या कधी विषम असतात का?"

"हळू गं, बाबांना ऐकू जाईल," लेक म्हणाली.

"जाऊ दे. ऐकायला अजून चांगलं येतं त्यांना." बोलून गेल्यावर आईने जीभ चावली, आणि तीन बाह्यांचा शर्ट घाईघाईने दुसऱ्या शर्टाखाली सरकवला.

लेक परवाच कायमची परत आली होती. सोबत दोन बॅगा आणि एक सोमवार. सोमवारी नवी नोकरी सुरू व्हायची होती, आणि नवी सुरुवात कपाटापासून करायची असते, असं ती कुठल्याशा वर्गात शिकून आली होती. तिने जमिनीवर दोन चादरी अंथरल्या. एकेक कपडा अंगात घालायचा. होत असेल तर पहिल्या चादरीवर. होत नसेल तर दुसरीवर. दुसरीची संध्याकाळी गाठोडी बांधून ती घराबाहेर काढायची.

"आणि ज्याचं त्यानंच सांगायचं," ती म्हणाली. "दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही."

बाबा खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसले होते. गळ्यात टेप. चाळीस वर्षं तो तिथेच होता, आंघोळीपुरता काय तो खुंटीवर जायचा. "घाला, घाला," ते खुशीत म्हणाले. "बघू तरी माझं काम."

इथेच घोडं पेंड खात होतं. कपाटातलं सगळं बाबांनीच शिवलेलं होतं.

आईने निळा गाऊन घातला. गळा काखेत आला. तिने एक खांदा पाडला, मान कलती केली आणि कमरेत जराशी वळली. "होतो," ती म्हणाली. लेकीने पँट चढवली. एक पाय गुडघ्याशी संपला, दुसरा मागून फरफटत येत होता. "होते की," ती म्हणाली. दुपारपर्यंत पहिल्या चादरीवरचा ढीग खिडकीच्या गजांना लागला. दुसरी चादर अंथरली तेव्हा होती तशीच, घडीच्या रेषांसकट.

बाहेर तरी काय वेगळं होतं? गल्लीतला पोस्टमन दोन वर्षं उजवा हात कोपरात दुमडून पत्रं वाटत होता. शाळेच्या बाई एक खांदा वर उचलून फळ्यावर लिहायच्या, त्यामुळे अख्ख्या वर्गाचं अक्षर तिरकं झालं होतं. चष्मेवाल्याने बाबांच्या काचा तिसऱ्यांदा बदलून पाहिल्या, मग काही न बोलता स्वतःचे दोन शर्ट त्यांच्याकडे शिवायला टाकले. गल्लीत नवीन राहायला आलेला माणूस पहिला आठवडा सरळ चालायचा. पुढे तोही कापड घेऊन यायचा.

कुणी एका शब्दाने बोललं नाही. चाळीस वर्षं बाबांनी या सगळ्यांच्या पोटाचे घेर मोजले होते, आणि वाढलेला आकडा एकदाही मोठ्याने वाचला नव्हता.

"आता हा," बाबा उठले. त्यांच्या हातात राखाडी कोट होता. "सोमवारचा. आठ दिवस दुसरं कामच घेतलं नाही."

लेकीने कोट घातला. डावी बाही कोपराशी थांबली. उजवीने बोटं गिळली आणि आणखी वीतभर खाली लोंबली. काजं पुढे होती, बटणं पाठीवर. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

लेक हळूहळू कोटात मावली. डावा खांदा वर, उजवा खाली, पाठीला बाक, हनुवटी आत. तशीच ती खोलीभर चालून आली.

"नव्या साहेबांशी हात कसा मिळवशील?" आईच्या तोंडून निघून गेलं.

"डाव्यानं मिळवीन. तू मध्ये बोलू नकोस." मग बाबांकडे वळून ती हसली. "होतो, बाबा. अगदी अंगावर बेतल्यासारखा."

बाबा जवळ आले. सवयीने त्यांनी तिच्या खांद्यावरून हात फिरवला. बोटांना चष्मा लागत नाही. हे खांदे पहिल्या फ्रॉकापासून त्यांच्या बोटांना पाठ होते. हात मानेशी अडला, परत फिरला, पाठीच्या बाकावरून सावकाश खाली आला.

"सरळ उभी राहा बाळ."

"सरळच आहे."

"सरळ."

ती सरळ झाली. टर्रकन कोट उसवला, खांद्यापासून थेट खालपर्यंत. आईने डोळे मिटून घेतले. मशीनवरचं रीळ घरंगळत खाली आलं, ते उचलायलाही कुणी वाकलं नाही.

"वा," बाबा म्हणाले. "उंच झालीस की गं तू."

त्यांनी कोट तिच्या अंगावरून हलकेच उतरवला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग गळ्यातला टेप काढला. पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत नीट गुंडाळला, अंगठ्याने दाबला, आणि गुडघ्यावर हात टेकत वाकून दुसऱ्या चादरीच्या बरोबर मधोमध ठेवला.

"अहो," आई पुढे झाली, "असू दे तो, तेवढ्यानं काय..."

"ज्याचं त्यानं सांगायचं ना?" बाबा म्हणाले. "हे मला होत नाही आता."