सतरा नंबरचा पडदा

सरकारी पाळतीवरच्या मालिकेचं शूटिंग होतं. सेटवर चाळीस टीव्ही-पडद्यांची भिंत होती. त्यांवर आधीच चित्रित करून ठेवलेले रस्ते दिसायचे, प्रत्येक टेकला तेच.

दोन टेक जुळतात का, ते वहीत लिहिणं माझं काम.

तिसऱ्या टेकला सतरा नंबरच्या पडद्यावरचा म्हातारा चालता चालता थांबला. चौथ्याला त्याने वर पाहिलं.

"सर, फुटेज बदललंत का?" मी दिग्दर्शकांना विचारलं.

"कशाला बदलू, ताई?"

पाचव्या टेकला चाळीसही रस्त्यांवरची माणसं थांबली. सगळे वर बघत होते. एका आईने लेकराला खांद्यावर घेतलं, त्यालाही दिसावं म्हणून. एकाही चेहऱ्यावर भीती नव्हती.

दिग्दर्शकांच्या हातातला चहा सांडत होता. तेही वर बघत होते.

सेटला छत नसतं; वर सगळं उघडं.

मी वही मिटली आणि हळूच मान वर केली.