पुढे केलेले हात

संपाच्या नवव्या दिवशी कंपनीने गेटवर थेट चित्र दाखवणारा मोठा पडदा लावला. काम व्हिएतनामला गेलं हे कामगारांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, म्हणून. तिथे मोटारीची कॉइल गुंडाळायला चाळीस यांत्रिक हात ओळीने लावले होते आणि त्या सगळ्यांत इथल्याच कामगार वैजयंताचं कसब भरलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी तिला हालचाली टिपणारे हातमोजे घालून कंपनीने तिची प्रत्येक हालचाल नोंदवून घेतली होती. ती वारून वर्ष झालं होतं.

तिचा नवरा रोहिदास गर्दीत पुढेच उभा होता.

सगळे हात एकदम हलले. मनगट किंचित तिरकं करायची तीच तिची लकब, चाळीस ठिकाणी. मग हात डावीकडे वळले, तळवे उघडले आणि तसेच थांबले. तिथल्या माणसाने तळव्यावर तार ठेवली, तरी ते मिटेनात.

"आता काय झालं?" युनियनच्या भगतने विचारलं.

"डावीकडून तिला तार मी द्यायचो," रोहिदास म्हणाला. "देताना दोनदा हलकं ओढायचो. त्याशिवाय ती मूठ मिटायची नाही. पण मला कुठे हातमोजे घातले होते?"

"वहिनींनी साहेबांना बरोबर अडवलं," मागून कोणीतरी हसलं.

कंपनीचे दातेसाहेब तसलेच हातमोजे घेऊन धावत आले. "रोहिदास, एकदाच ओढून दाखव. तुझी नोकरी राहील."

समुद्रापलीकडून चाळीस हात त्याच्यापुढे पसरले होते. वर्षभर तो त्याच हातांसाठी झुरला होता. त्याने हातमोजे घेतले नाहीत. पडद्याजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "आज नाही गं. संप आहे."